टोबायस ग्रेलचं घड्याळ

हे आपल्या डंडॉकच्या उपेंद्रच्या घरी घडलंय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो.

गेल्या वर्षीची धनत्रयोदशी, शनिवार. उपेंद्र सकाळीच बॉल्सब्रिजला गेला आणि एका आजीबाईंकडून पुरुषभर उंचीचं जुनं इंग्लिश घड्याळ घेऊन आला. पितळी तबकडीवर घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं, टोबायस ग्रेल. आजीबाईंनी बजावलं होतं, "चावी दे, तेल घाल, पण त्या नावाला हात लावू नकोस. युअर मॅन, म्हणजे तो घडवणारा, फार तापट होता."

दुसऱ्या दिवशी मित्रमंडळी फराळाला येणार होती. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात ना, तसं तबकडीवर आपलं नाव घालायचं उपेंद्रच्या डोक्यात आलं. जागा हवी म्हणून त्याने कानस काढली.

वृंदा, त्याची बायको, भडकलीच. "अरे, त्या माणसाच्या हातचं काम आहे ते! आईंच्या ताम्हणावरचं नाव असं कोणी घासलं तर चालेल तुला?"

"आईचं वेगळं. हा कोण टिकोजीराव लागून गेलाय?" तो खेकसला, आणि नाव घासून सपाट केलं. मला आजही संताप येतो त्याचा.

ते तांब्याचं ताम्हण म्हणजे त्याच्या आईची उरलेली एकच वस्तू. काठावर तिचं नाव, शारदा. आई गेल्यावर त्याने ते पुण्याहून छातीशी धरून आणलं होतं. संध्याकाळी पूजा झाली आणि वृंदाने ते किचनमधल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, ठेवून दिलं.

मध्यरात्रीनंतर उपेंद्रला जाग आली. घड्याळाची टिकटिक थांबली होती.

मग खालून... खर्र.

कानस. धातूवर.

तो तणतणत जिन्यात आला. "कोण आहे रे?"

आवाज थांबला. अंधारात कोणीतरी दातओठ खात श्वास सोडला. अगदी जवळ...

आणि पुन्हा. खर्र! खर्र! आता जोरात. चिडून.

त्याने किचनमध्ये शिरून दिवा लावला.

कोणी नाही. दार आतून बंद. कानस टूलबॉक्समध्ये, कुलपात.

घड्याळ चालू झालं होतं.

कपाटाखाली फरशीवर लालसर पूड पडली होती. त्याने दार उघडलं. ताम्हण जागेवरच होतं, कुंकवासकट. त्याने काठावरून बोट फिरवलं. एकदा. पुन्हा...

आईचं नाव नव्हतं. तांबं अजून गरम होतं.