मागे घेतलेली सूचना

"वाजले किती हो?"

"अकरा," मी मनगटावरच्या घड्याळात बघून सांगितलं.

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग जयगडच्या खाडीवर तिरप्या पडलेल्या उन्हाकडे, आणि मग पुन्हा माझ्याकडे. तवसाळला जाणारी आमची फेरीबोट नुकतीच धक्क्यावरून सुटली होती. दुपारचे साडेचार वाजलेत हे बोटीवरच्या करंडीतल्या कोंबड्यांनाही कळत असेल.

"अकरा… सकाळचे की रात्रीचे?" त्याने अगदी गंभीरपणे विचारलं.

"साऱ्या जगाचे. हे घड्याळ जागतिक वेळेवर आहे, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. माझ्या कामात सगळ्या नोंदी त्याच वेळेत करतात."

"असं कसलं काम करता?"

"आकाशाची राखण."

"अरे वा, मग आपण एकाच धंद्यातले. मी आंब्याची करतो. माझ्याकडे वानर येतात, तुमच्याकडे कोण येतं?"

हसताना त्याने मान खाली घातली. मला ते आवडलं. लगेच आवडलं, खोटं कशाला बोलू! आणि तेवढ्यात माझी नजर त्याच्यामागच्या टेंपोवर गेली. टेंपोवर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं — परशुराम रेडीज आणि मुलगा, हापूस बागायतदार, तवसाळ.

"तुम्ही… मुलगा?"

"हो. अनिश. वडील आता नाहीत, पण पाटी तशीच ठेवलीय. आणि तुम्ही?"

"स्वानंदी," मी म्हणाले, आणि आडनाव गिळून टाकलं.

त्याला कारण होतं. गेल्या वर्षी माझ्या बाबांनी रत्नागिरीहून याच रेडीजांकडे माझं स्थळ पाठवलं होतं. आठ दिवसांनी बाबांच्या फोनवर उत्तर आलं — 'पत्रिका जुळत नाही. क्षमस्व. अनिश रेडीज.' आई दोन दिवस खट्टू होती. मी मात्र पोट धरून हसले, कारण बाबांनी पाठवलेल्या पाकिटात पत्रिका नव्हतीच! फोटो होता, माहितीचा कागद होता. पत्रिका मी शेवटच्या क्षणी काढून घेतली होती. ज्या आकाशाकडे मी रोज बघते त्याच्या नावावर कुणी माझं लग्न ठरवावं हे मला पटत नव्हतं. बाबांना सांगितलं तेव्हा तेही हसले. पण खरं सांगू? लागलं होतं. नको तर सरळ नको म्हणावं माणसानं.

आणि आता तो माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता, वाऱ्याने कपाळावर येणारे केस मागे सारत. त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं.

तेवढ्यात माझ्या पर्समध्ये कुकरची शिट्टी झाली.

"तुम्ही पर्समध्ये भात लावता?"

"गप्प बसा जरा!" मी फोन काढला. ही शिट्टी मीच लावून घेतलेली, गाढ झोपेतूनही जाग यावी म्हणून. स्क्रीनवरची ओळ वाचली आणि ओरडलेच. "गॅमा किरणांचा स्फोट. लघु स्फोट! पाऊण सेकंदाचा!"

मी जयगडजवळच्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि तिथेच खोली घेऊन राहते. पण तीन वर्षांपासून मी एका संशोधन गटातही आहे. उपग्रहाला असा स्फोट दिसला की आमच्यातला ज्याची पाळी असेल त्याने लडाखमधल्या डोंगरावरची दुर्बीण त्या दिशेला वळवून घ्यायची, आलेले फोटो तपासायचे आणि जगाला कळवायचं. आज माझी पाळी होती. मी स्कूटीवरून हेदवीला मामाकडे निघाले होते, आणि तवसाळ सोडलं की पुढच्या घाटात नेटवर्क नाही.

मी हे सगळं एका दमात त्याला सांगून टाकलं.

"आमच्या पॅकिंगच्या शेडमध्ये फायबर आहे," तो म्हणाला. "मुंबईची गिऱ्हाइकं व्हिडिओवर आंबा बघितल्याशिवाय पेटी घेत नाहीत. चला. आई आहे घरी, संकोच नको."

शेडच्या दारात त्याची आई, हेमाकाकू, सुपातले तांदूळ निवडत होत्या. माझ्याकडे बघताच त्यांचा हात थांबला.

"ये गो बाय, ये… तुला कुठंतरी बघितलंय गो मी."

"असेल, काकू."

"असेल काय! बघितलंयच." त्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं, पदरात हसल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. फोटो त्यांनी नक्कीच पाहिला होता.

शेडमध्ये पेंढ्याचा उबदार वास होता. फेब्रुवारीतले पहिले आंबे आढीत पिकत घातले होते. अनिशने एक पेटी रिकामी करून मला टेबल केलं, दुसरी पालथी घालून बसायला दिली. मी आकाशाच्या त्या भागातल्या दीर्घिकांची यादी काढायला लागले. तो पेंढ्यात हात घालून एकेक आंबा उलटत होता. फळाला बोटांचा दाब पडू नये म्हणून किती जपत होता! मी बघतेय हे त्याच्या लक्षात आलं, आणि मी घाईघाईने यादीत डोकं घातलं.

"आता कशाची वाट बघायची?" त्याने विचारलं.

"लडाखमध्ये अंधार पडायची. सवासातला पडेल."

"आणि तो स्फोट… नक्की कसला?"

"दोन मेलेले तारे. एवढाले जड की चमचाभर उचलायला सह्याद्री उचलण्याची ताकद लागेल. एकमेकांभोवती फिरत फिरत जवळ येतात आणि शेवटी आदळतात. गॅमा किरण पाऊण सेकंदात संपतात, पण मागे एक अंधूक उजेड उरतो. तो सापडला तर टक्कर कुठे झाली ते कळतं. सोनं अशाच टकरींतून तयार होतं असं मानतात."

"आणि ही टक्कर झाली कधी?"

"शंभरेक कोटी वर्षांपूर्वी."

तो आंबा हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "शंभर कोटी वर्षं झाली… आणि तुम्ही बोटीवर मला गप्प बसा म्हणालात?"

मी खळखळून हसले. "उजेड आज पोचलाय ना पृथ्वीवर! काही तासांत विझेल. नंतर कितीही मोठी दुर्बीण आणा, काही दिसायचं नाही."

"बाप रे," तो हळूच म्हणाला. "आणि हे सगळं तुम्ही जयगडच्या खोलीत बसून करता. इथं कुणाला माहीत तरी आहे का?"

त्याच्या आवाजातलं कौतुक अगदी सरळ होतं. तीन वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं.

सात वीसला पहिला फोटो आला. मी तो आकाशाच्या जुन्या फोटोशेजारी ठेवला. तेच तारे, त्याच दीर्घिका, आणि… कोपऱ्यात एक ठिपका, जुन्या फोटोत नसलेला.

"हा नवीन आहे," माझ्या आधी अनिशच म्हणाला. तो माझ्या खांद्यामागे वाकला होता, श्वास रोखून.

ठिपका म्हणजे एखादा लघुग्रह तर नाही, हे तपासावं लागतं. लघुग्रह सतत सरकत असतात. फोटोची नेमकी वेळ घातली की त्या क्षणी तिथे कोण होता ते लघुग्रहांची यादी सांगते. अनिश समोरच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला होता; मी वर पाहिलं, वेळ घातली. यादीने सांगितलं — तिथे कुणी नाही. मग मी थांबलेच नाही. जगभरच्या वेधशाळांसाठी सूचना लिहिली, पाठवली. पहिल्यांदाच माझं नाव सर्वांत वर — स्वानंदी शेट्ये, रत्नागिरी.

दहा मिनिटांत जपानमधली एक आणि ऑस्ट्रेलियातली एक दुर्बीण माझ्या ठिपक्याकडे वळली. मी आनंदाने मागे वळले, तर पुन्हा खांद्यामागे आलेला अनिश स्क्रीनवरचं नाव वाचत होता.

"शेट्ये… म्हणजे गेल्या वर्षी…"

"हो. पत्रिका जुळली नव्हती ना आपली?" मी शक्य तितक्या सहज म्हणाले. त्याला मी दार उघडून दिलं होतं. आता त्याने फक्त आत यायचं होतं.

त्याने तोंड उघडलं. मिटलं. "हो… असतं तसं कधी कधी," तो म्हणाला, आणि आढीकडे वळला.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. ज्या माणसाच्या हातांकडे मी दोन तास चोरून बघत होते, तो समोरासमोरही तेच खोटं सांगत होता. मामाला उद्या येते असं कळवून टाकलं होतं, आणि जयगडला परतायच्या शेवटच्या फेरीला दीड तास होता. तोवर तो खरं बोलला तर ठीक, नाहीतर पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं.

आठ वाजता दुसरा फोटो आला. स्फोटाचा उजेड जागच्या जागी मंद होतो. माझा ठिपका मंद झाला नव्हता. तो सरकला होता. मी यादी पुन्हा तपासली आणि डोक्याला हात लावला. वेळ घालताना मी मनगटावरचं घड्याळ बघितलंच नव्हतं. भिंतीवरचं बघितलं होतं, आणि आपली वेळ जगाची म्हणून घातली होती. तीन वर्षांत एकदाही न झालेली चूक! आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर का गेली, तर त्याच्याखाली अनिश उभा होता.

"लघुग्रह आहे," मी म्हणाले.

"मग आता?"

"मागे घ्यायचं."

"पण तुमचं नाव पहिल्यांदाच वर आलं होतं… सकाळपर्यंत थांबा की. कुणाला कळतंय?"

"अनिश, दोन मोठ्या दुर्बिणी या क्षणी माझ्या खोट्याकडे बघतायत. खरा उजेड शेजारी कुठेतरी विझत असेल. मी जितका वेळ गप्प बसेन तितका तो विझेल."

माझ्या डोळ्यांत पाणी होतं, पण टायपिंग चुकलं नाही. 'आमची आधीची सूचना मागे घेत आहोत. तो लघुग्रह आहे. वेळ घालण्यात माझी चूक झाली. स्वानंदी शेट्ये.' जिथे जिथे पहिली सूचना गेली होती तिथे तिथे ही पाठवली.

अनिश आत गेला. पाण्याचा तांब्या आणून माझ्यासमोर ठेवला आणि तिथेच उभा राहिला.

हेमाकाकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं… मला चव कळत नव्हती. धक्क्यापर्यंतच्या उतारावर मी स्कूटी हातात धरून चालत होते, अनिश शेजारी. निम्म्या वाटेवर पर्समध्ये शिट्टी झाली.

मी वाचलं. पुन्हा वाचलं. "सापडला! ऑस्ट्रेलियावाल्यांना… माझा ठिपका सोडून त्यांनी बाकीचा भाग शोधला. एका दीर्घिकेच्या कडेला आहे, आणि मंद होतोय!"

मी स्कूटी स्टँडवर लावली आणि रस्त्यातच नाचले. नाव दुसऱ्यांचं होतं, पण मला त्याचं काही वाटलं नाही. पाऊण सेकंदाच्या टकरीचा पत्ता लागला होता.

अनिश हसत नव्हता. "तू गप्प बसली असतीस, तर तो सापडला नसता," तो म्हणाला. 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं, दोघांनाही न कळता.

"नसता."

"मला… मलाही काहीतरी मागे घ्यायचंय." त्याने एक मोठा श्वास घेतला. "ते पाकीट मी उघडलंच नव्हतं. मुंबईची नोकरी सोडून नुकताच आलो होतो. आई म्हणाली, मुलगी दुर्बिणीवर काम करते, हुशार आहे. मला वाटलं, अशी मुलगी तवसाळला कशाला येईल? ती नको म्हणण्याआधी मीच… पत्रिकेचं खोटं होतं. आणि मघाशी परत तेच बोललो. लाज वाटते मला."

छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं मला, पण मी इतक्यात सोडणार नव्हते. "मला सांगून भागत नाही. पहिली सूचना जिथे गेली, तिथे मागे घेतल्याची सूचना जावी लागते."

त्याला कळलं. खाली बोटीचा भोंगा वाजला. त्याने फोन काढला, गेल्या वर्षीच्या त्याच निरोपावरून बाबांचा नंबर लावला आणि आवाज मोठा केला, मलाही ऐकू यावा म्हणून.

"काका, मी अनिश रेडीज, तवसाळहून. गेल्या वर्षी पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं, ते खोटं होतं. मी पाकीट उघडलं नव्हतं."

बाबा म्हणाले, "माहीत आहे आम्हाला. पत्रिका त्यात नव्हतीच."

अनिशने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद! मी खाडीकडे बघत राहिले.

"मग… तुम्ही काही बोलला नाहीत, काका?"

"मुलीच्या बापाने काय बोलायचं रे?"

मला तेव्हा कळलं, बाबा त्या दिवशी हसले होते ते माझ्यासाठी.

"चुकलो मी," अनिश म्हणाला. "खरंच चुकलो. तुमची हरकत नसेल तर… मला स्वानंदीला पुन्हा विचारायचंय."

"पुन्हा? पहिल्यांदा कधी विचारलंस?" बाबांचा आवाज आता सैल झाला होता. "आणि मला काय विचारतोस? तिला विचार."

त्याने फोनचा हात खाली घेतला. "स्वानंदी…"

"विचार ना."

"येशील? इथे… माझ्याकडे?"

"मला तू बोटीवरच आवडलास," मी म्हणाले. "टेंपोवरचं नाव वाचायच्याही आधी. मग राग आला, मग परत आवडलास, मग मघाशी फार राग आला. आता नाही."

"ओ मॅडम!" फेरीवरचे रामाकाका ओरडले. "बोट सुटते! येताय की राहताय?"

मी स्कूटी बोटीवर चढवली आणि मागे वळले. तो पाण्याच्या अगदी कडेला येऊन उभा होता.

"आजच्यापुरती येते हो, काका!" मी रामाकाकांना ओरडून सांगितलं, पण बघत अनिशकडेच होते. "पुढच्या खेपेला सामान घेऊन येईन, आणि राहीन!"

अनिशच्या हातातल्या फोनमधून कुणीतरी जोरात खाकरलं. तो बंद करायचा राहूनच गेला होता.