बंबूच्या पोटावरचा डाग

केतकीनं काढलेला बंबू अगदी रताळ्यासारखा दिसत होता. तेही उकडून साल काढलेल्या. आता बघा, ज्याचं चित्र काढायचं तो संध्याकाळच्या यानानं मंगळावर निघालेला, परत कधी येईल ते कुणालाच ठाऊक नाही, आणि आठवण म्हणून घरात राहणार काय, तर रताळं.

बंबू म्हणजे त्यांच्या घरचा यंत्रमानव. धातूंचा अभ्यास करता करता केस पिकलेल्या आजोबांनी त्याचं पोट तांब्याच्या पत्र्याचं घडवलं होतं, जुन्या काळच्या पाणी तापवायच्या बंबासारखं गोल गरगरीत. म्हणून नाव बंबू. केतकी त्याचंच बोट धरून चालायला शिकली होती. आता मंगळावरच्या मळ्याची राखण करायला त्याची निवड झाली होती.

"सगळं बरोबर तर केलंय," केतकी टॅब्लेटवर बोट आपटत म्हणाली. "सकाळी मीच काढलेला बंबूचा फोटो समोर ठेवला. तांबूस रंग भरला, कडेला गडद, मध्ये फिका. तरी तो तांब्याचा दिसतच नाही. बंबू जाणार, आणि माझ्याकडे हे राहणार." तिचे डोळे भरून आले.

आजोबांनी फोटो निरखला. "याच्या पोटावर काहीच कसं नाही गं?"

"डाग होते. सफाईचं बटण दाबून पुसले. मधला एक मोठा काळा डाग तर पुसता पुसेना, शेवटी कसाबसा गेला."

"डाग?" बंबू दुखावला. "मी रोज चिंच लावून अंग घासतो, केतकीताई."

आजोबांनी त्याला खिडकीसमोर उभं केलं. "आता नीट बघ. पोटाचा रंग एकच आहे का?"

एकच कुठला? डावीकडे लखलखीत पट्टा होता आणि त्याला चिकटूनच काळोखा. खाली फरशीच्या वाकड्यातिकड्या रेघा. आजोबांनी पडदा ओढला, तसा तो पट्टा गायब झाला.

"म्हणजे तो खिडकीचा होता," केतकी हळूच म्हणाली.

"आणि काळोखा पुस्तकांच्या कपाटाचा. रताळं खडबडीत असतं, त्यावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो. म्हणून त्याचा रंग उजेडाकडून सावलीकडे हळूहळू सरकतो. घासलेल्या धातूवर परावर्तन (प्रकाशाचं आपटून परत फिरणं) शिस्तीत होतं, आरशासारखं. म्हणून धातू रंगवायचा म्हणजे त्याच्यासमोरची खोली रंगवायची. उजेडाला खेटून अंधार, आणि दोन्हींची कड सुरीनं कापल्यासारखी. पोट फुगीर, म्हणून खोलीही वाकलेली."

"पण भिंत पांढरी आहे, पोटात ती तांबूस का?"

"तांबं निळा प्रकाश बराचसा गिळतं आणि तांबडा परत देतं. त्यामुळे त्यातली सगळी प्रतिबिंबं (आरशात दिसतात तशी चित्रं) तांबूस होतात. स्टीलचा डबा सगळे रंग जवळपास सारखेच परत देतो, म्हणून त्यात भिंत पांढरीच दिसते."

आजोबांनी पडदा पुन्हा बाजूला सारला आणि केतकी कामाला लागली. खिडकी, कपाट, फरशी, सगळं वाकवून, तांबूस करून तिनं पोटात बसवलं. काय आश्चर्य, रताळं तांब्याचं झालं. फक्त मधली जागा रिकामी होती. तिथला तो काळा डाग कशाचा, हे बघायला ती पुढे सरकली, तर डाग मोठा झाला. तिनं हात वर केला. डागानंही केला. डागाला दोन वेण्या होत्या.

"आजोबा, ही तर मीच आहे."

"काखेत कळसा नि गावाला वळसा," आजोबा हसले. "सकाळपासून पोरगी स्वतःलाच पुसत बसलीये."

मग तिनं मधोमध एक बुटकी, रुंद तोंडाची, दोन वेण्यांची मुलगी काढली. बंबूनं वाकून चित्र निरखलं.

"याची एक प्रत मला दे," तो म्हणाला. "तिकडे माझ्या पोटात लाल माती दिसेल, मळा दिसेल. तू दिसणार नाहीस."

केतकीनं त्याला मिठी मारली. डाग पसरत पसरत पोटभर झाला.

पुढच्या वर्षी मंगळावरून एक चित्र आलं. बंबूनं स्वतःचंच काढलं होतं. तांब्याच्या पोटात वर मातकट आकाश, खाली टोमॅटोच्या रांगा, कडा कशा सुरीनं कापल्यासारख्या. मधली जागा मात्र कोरी होती, आणि खाली लिहिलं होतं, "केतकीताई, ही जागा पुसलेली नाही, तुझ्यासाठी ठेवली आहे. मोठी झालीस की ये. येताना चिंच आण, इथे मिळत नाही."