आपण कुठे बसता?

स्लाइड १. भातखाचरं.

हिरव्या पायऱ्या, त्यांत आभाळाचं पाणी. झूटरमेरच्या लायब्ररीत चाळीस डच माणसं एकदम "आ..." म्हणाली, आणि त्याच अंधारात मी कुणाच्या तरी पायावर पाय दिला.

"अगं बाई — सॉरी."

"असू दे," अंधारातून मराठी आलं. "दुसरा अजून कोरडा आहे."

सायकलवर भिजून आले होते. माझ्या जॅकेटचं पाणी त्याच्या बुटात ठिबकत होतं. रिकामी खुर्ची मात्र त्याच्याशेजारीच होती.

स्लाइड ४. (२ आणि ३ मी पाहिल्याच नाहीत. त्याच्याकडे पाहत होते.)

"काय म्हणतेय ती, पडद्याजवळची?" मी कुजबुजले. माझं डच सुपरमार्केटपर्यंतच.

"हॅनेके? शिक्षिका होती. दरवर्षी महिनाभर बालीतल्या एका खेड्यात राहते. म्हणतेय, तिथं कुणाला घाई नसते. सकाळी बायका उंबऱ्याशी पानांच्या द्रोणात फुलं ठेवतात. तिथं तिला घरी आल्यासारखं वाटतं."

"मलाही वाटेल. डिसेंबरात जाणार आहे मी. अशाच खेड्यात."

"हौसेनं?"

"अ‍ॅमस्टरडॅमला झुइडासच्या काचेरी ऑफिसात दिवसभर बसून बघा, मग कळेल. तुमचं गाव कुठलं?"

तो जरा थांबला. "झूटरमेर."

"ते नव्हे हो. मूळ गाव."

"मी राजानंद," तो म्हणाला. "सध्या एवढ्यावर भागवा."

हसला... पण अर्धाच.

स्लाइड ११. रस्त्यात भेटलेले दोन म्हातारे.

राजानंदनं हलक्या आवाजात भाषांतर केलं. अनोळखी माणूस भेटला, की तिथली जुनी रीत म्हणजे अदबीनं विचारायचं — आपण कुठे बसता? उत्तर ऐकून ठरवायचं, त्याच्याशी कुठल्या दर्जाची भाषा बोलायची.

सभागृह कौतुकानं हसलं. मीही.

"किती गोड ना?"

"जात विचारतायत," तो म्हणाला.

हॅनेके पुढे सांगत होती, की तिला मात्र हे कधीच कुणी विचारलं नाही. पहिल्याच दिवशी ओट्यावर बसवलं. पहिला चहा तिला.

(स्लाइड नसलेले सहा रविवार.)

पहिल्या कॉफीला कळलं, तो संशोधक आहे आणि साखर तीन चमचे घेतो. दुसऱ्या कॉफीला आडनाव. तिसऱ्या वेळी त्याच्या घरी गेले, तेव्हा खिडकीत बुद्धाची मूर्ती आणि शेजारी वाळत घातलेले मोजे. गाव मात्र कळलं नाही. आम्ही अजून 'तुम्ही'वरच होतो — तो मुद्दाम, मी लाजून.

फोन. कॉलिंग कार्डावरचा.

"राजानंद," मी आईला नाव सांगितलं.

"छान आहे नाव. गाव कुठलं त्याचं?"

माझाच प्रश्न. जवळजवळ माझ्याच आवाजात. आणि आईला काही त्या गावाला जायचं नव्हतं.

"आई, तो बौद्ध आहे."

"...थांब हं. गॅसवर दूध आहे."

पुण्यात दुपारचे तीन वाजले होते. आमच्याकडे दूध सकाळी सातला तापतं.

त्याच दिवशी, कालव्याकाठी. वारा.

"त्या दिवशी मी तुम्हाला गाव विचारलं ते — मी जात विचारत नव्हते."

"माहितीये," राजानंद म्हणाला. "म्हणून तर कॉफीला आलो. पण विचारणाऱ्याला कळलं नाही, तरी ऐकणाऱ्याला ऐकू येतं."

"आज आईनं विचारलं. मी सांगितलं."

"मग?"

"फोन ठेवला."

तो पाण्याकडे वळला.

"आजी आमची गावाबाहेर राहायची. पूर्वेला. दहावीनंतर एकदा गेलो होतो. गावातल्या एका घरी चहा मिळाला... वेगळ्या कपात. कप चांगला होता हो, नवा होता. फक्त वेगळा होता." त्यानं कॉलर वर केली. "हॅनेकेचा मला राग नाही येत. हेवा वाटतो. तिला त्या गावात जागाच नाही, म्हणून तिला कुठेही बसता येतं. गाव पाहुण्यालाच गोड लागतं, संहिता."

"मी डिसेंबरचं रद्द करते."

"का?"

"तुम्हाला आवडणार नाही."

"मी असं कधी म्हटलं?" आता तो पुरता माझ्याकडे वळला. "मला जायचंय. एकदा तरी कुठल्याशा गावात पाहुणा होऊन. कुणी काही विचारू नये, आणि मी ओट्यावर बसून नुसता पाऊस बघावा. येऊ तुझ्याबरोबर?"

तुझ्याबरोबर. सहा रविवारांत पहिल्यांदा.

मला लगेच हो म्हणायचं होतं. पण पुण्याचा तो फोन अजून कानात होता, आणि नुसतं 'हो' फार स्वस्त झालं असतं.

"ये," मी म्हणाले. "आठ दिवस पाहुणा हो. पण परत आल्यावर... माझ्याकडे तू पाहुणा म्हणून नको येऊस. आणि पुण्यालाही. आईकडे जाऊ, ती दार उघडो न उघडो. मला तू — म्हणजे — मला तू हवा आहेस."

सायकलच्या हँडलवर माझा हात होता, त्यावर त्यानं आपला ठेवला.

"किती गार पडलाय," तो म्हणाला, आणि हात तसाच राहू दिला.