मागचा पट्टा

“माणसाला गाडीतून घरी आणायचं, आणि ‘उतरा’ म्हणायला तोंड उघडायचं न्हाई. कुणी केलं ते ज्याचं त्याला ठावं,” सोमेश्वरकाका म्हणाले. औंढ्यात लाईट गेली होती. ओट्यावरची पोरं मोबाईल ठेवून सरकून बसली. काकांच्या ओळखीतल्या फुलसिंगची ही गोष्ट, गेल्या पौष अमावास्येची.

फुलसिंग भाड्याने चालवायचा ती गाडी हायब्रीड होती, बॅटरीवरही चालणारी आणि पेट्रोलवरही. साडेचार लाख किलोमीटर पळून खिळखिळी झालेली. वसमतचा मिस्त्री म्हणाला, “मोठी बॅटरी मेली, भाऊ. आता निस्ती पेट्रोलवर, बोंबलत चालंल.”

फुलसिंगचा मेहुणा थावरा म्हणाला, “मला द्या. शाळेची लेकरं नेतो.”

फुलसिंगने नाही म्हटलं. कारण मात्र सांगितलं नाही.

अडल्यानडल्याला तो शहरातून प्रेतंही आणायचा, वर्षानुवर्षं. दिवाळीनंतर त्याने शालूबाई नावाच्या म्हातारीचं प्रेत शहरातून आणलं होतं. शववाहिका मिळेना, म्हणून तिला मागच्या सीटवर बसवून पट्टा लावला. त्या भागातली रीत अशी, की मेलेल्याला वाटेत सांगत न्यायचं. पूल आला की ‘चला’, म्हणजे मागे न राहता सोबत यावं. घर आलं की नाव घेऊन ‘उतरा’. पण घरी नातीची हळद. पाहुण्यांना कळू नये म्हणून म्हातारीला परसदारातून गुपचूप आत नेलं. ‘उतरा’ कुणीच म्हटलं नाही. फुलसिंगनेही नाही.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या सीटवरचा पट्टा लागलेला दिसला. मग तो सुटलाच नाही.

“काका, खटका अडकला असंल,” मंजुषा म्हणाली. ती बी.एस्सी.ला होती.

“असंल की. तू जाऊन सोडव,” काका म्हणाले. पोरं हसली.

त्या सीटवर लेकरं बसणार, हे फुलसिंगला सोसेना. गाडी हिंगोलीच्या भंगारात द्यायची ठरवून तो संध्याकाळी निघाला. इंजिन तापायचं, थांबावं लागायचं. औंढा मागे पडला तेव्हा साडेअकरा वाजले होते.

आणि बोंबलणारं इंजिन गप्प झालं.

गाडी चालूच राहिली. बॅटरी तर मेलेली... तरी चालत होती. आवाज न करता. पायाखाली ब्रेक लागेना.

शालूबाईच्या गावचा फाटा आला. गाडी आपोआप थांबली.

फुलसिंगला कळलं, एक शब्द राहिलाय.

“शालूबाई...”

पट्टा सुटला नाही.

तो पुन्हा म्हणाला, “शालूबाई... चला.”

‘उतरा’ म्हणायचं होतं. पण इतकी वर्षं मेलेल्यांना पुलापुलावर ‘चला’ म्हणत आलेला, जिभेवर तेच आलं.

खट्.

मागचा पट्टा सुटला. इंजिन पुन्हा बोंबलू लागलं. फुलसिंगने मागे पाहिलं नाही. सुटलो, एवढंच त्याला वाटलं.

सकाळी भंगारवाला चाँद पाशा गाडीभोवती फिरला. मागचा पट्टा मोकळा लोंबत होता. मग त्याने पुढचं डावं दार उघडलं. ड्रायव्हरशेजारच्या सीटचा पट्टा ताठ लागलेला. पट्टा ओढला, खटका दाबला. सुटेना.

त्याने दार हळूच लावलं.

“गाडी तोडतो मी, भाई,” चाँद पाशा म्हणाला. “पन तुमच्या बाजूला बसून आले, त्यांना पहिले उतरवा.”