घाटात अडकलेला बुडबुडा

इंजिन आग ओकतंय आणि त्याला थंड ठेवणारा रेडिएटर मात्र गारढोण! आता सांगा, हे कसं व्हावं? एरवी असलं कोडं मी दिवसभर चघळलं असतं. पण त्या सकाळी मला कोड्यांची मुळीच हौस नव्हती. मला फक्त वर पोचायचं होतं.

वर कातळमाथ्यावरच्या शाळेत माझी वैजूमावशी शिकवते. दसऱ्याचं सोनं म्हणून आपट्याची पानं तोडायला गेली आणि तिच्या पायाला फुरसं चावलं. तिथल्या नर्सबाई लतिकाताईंचा फोन आला, "हिरड्यांतून रक्त येतंय. प्रतिविष (सापाचं विष निकामी करणारं औषध) इथलं संपलंय. लवकर पाठवा!" औषध घेऊन निघालेला ड्रोन वाऱ्यानं परत फिरवला. घाटातला रस्ता दरडीनं अर्धा खाल्लेला, त्यामुळे जीप जाईना. उरली आजोबांची मोटारसायकल.

आजोबा म्हणजे माझ्या आईचे आणि वैजूमावशीचे वडील. उपग्रह तापू नयेत म्हणून काय करायचं, याचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला. त्यांची गाडी हायड्रोजन जाळते, धुराऐवजी वाफ सोडते, पण तापते अगदी जुन्या गाड्यांसारखीच. मी मागे बसले, औषधाची पेटी पोटाशी धरून. पुढे टाकीवर ठोंब्या, इंजिनातल्या तापमापकावर लक्ष ठेवणारा आमचा डब्याएवढा यंत्रमानव.

निम्मा घाट चढलो आणि करपल्यासारखा वास आला.

"आजोबा, थांबा!"

"तापमान त्रेसष्ट अंश. सर्व काही ठीक आहे," ठोंब्या म्हणाला.

"ठीक काय, कपाळ तुझं! नाक नाही तुला, गप्प बस!"

तेवढ्यात इंजिन खडखडलं आणि बंदच पडलं. आजोबांनी गाडी स्टँडवर लावली. इंजिनाजवळ हात नेववत नव्हता. रेडिएटर (वाऱ्यानं पाणी थंड करणारी जाळी) मात्र माठासारखा गार लागला.

आजोबांनी खिशातला रुमाल काढला आणि थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. मी त्यांचं मनगटच धरलं.

"काय करताय? तुम्हीच शिकवलंत ना, तापलेलं झाकण उघडायचं नाही म्हणून?"

झाकणाआड दाब असतो. दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. पण झाकण काढलं, की दाब जातो आणि ते सगळं एकदम उसळून तोंडावर येतं. हे आजोबांना माहीत नव्हतं का? होतं की.

"वैजू माझी मुलगी आहे गं, शरू," ते म्हणाले. त्यांचा आवाज असा कापरा मी कधी ऐकला नव्हता. तरी मी मनगट सोडलं नाही.

इंजिनावर गार पाणी ओतावं, तर तापलेला धातू तडकायचा. म्हणजे थांबणं आलं. ज्या मेल्या वाऱ्यानं ड्रोन परत पाठवला, तोच आता इंजिन थंड करत होता. मी दगडावर बसले, उठले, पुन्हा बसले. आणि मग त्या कोड्याला भिडलेच, दुसरं करणार काय?

"आजोबा, इंजिनातली उष्णता रेडिएटरपर्यंत कोण नेतं?"

"कूलंट (उष्णता वाहून नेणारं द्रव). पंप त्याला फिरवत ठेवतो."

"मग ते फिरतच नसेल तर?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, काल खंडेनवमी होती!"

काल सकाळी त्यांनी जुनं गढूळ कूलंट काढलं, आतून स्वच्छ पाणी येईपर्यंत सगळ्या नळ्या धुतल्या, नवं कूलंट भरलं, गाडीला हळदकुंकू लावलं आणि झेंडूची माळ घातली. झालं! खंडेनवमीला आमच्याकडे यंत्र चालवत नाहीत, त्याला सुट्टी. आणि इंजिन चालवल्याशिवाय आतली हवा पुरती निघत नाही. आज सकाळी फोन आला आणि आम्ही तसेच निघालो.

"पंप पाणी ढकलतो, हवा नाही," आजोबा म्हणाले. "मधे बुडबुडा अडकला, की त्याची पाती नुसती गरगरतात. कूलंट जागच्या जागी उकळत राहतं."

"आणि ठोंब्याचा तापमापक त्या बुडबुड्यातच असेल! हवेचं तापमान वाचून आम्हाला सांगतोय, सर्व काही ठीक!"

"शक्यता मान्य," ठोंब्या पुटपुटला.

हवा नेहमी सगळ्यांत उंच जागी जाऊन बसते. पालथी घागर पाण्यात दाबली तर भरते का? नाही. तोंड वर केलं, की बुडबुड करत हवा निघते आणि घागर भरते. मी झाकणाकडे पाहिलं. झाकण डाव्या बाजूला आणि स्टँडवर गाडीही डावीकडेच कललेली. म्हणजे हवेनं उजवीकडे चढून दडी मारलेली!

इंजिनावर हात टेकवता यायला लागला, तेव्हा आजोबांनी झाकण हळूहळू सैल केलं. फुस्स झालं, पण पाणी उसळलं नाही. त्यांनी पाठ लावून गाडी उजवीकडे कलवली. आता झाकण सगळ्यांत वर आलं. मी रेडिएटरला जोडलेली जाड रबरी नळी दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. ठोंब्या माझ्या बाटलीतलं पाणी धरून तयार.

काहीच होईना. मी आणखी जोरात दाबली. आणि गुळुक! एक भलामोठा बुडबुडा वर आला.

"ओत, ठोंब्या!"

आजोबांनी इंजिन चालू केलं. अजून थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापल्यावरच वाट मोकळी करणारी झडप) उघडायचा होता. आम्ही रेडिएटरच्या तोंडाशी पाहत राहिलो. एकाएकी पाणी झपकन खाली गेलं, पाठोपाठ बुडबुड्यांची रांग आली. मी ओतत गेले. शेवटी बुडबुडे थांबले. रेडिएटरला हात लावला आणि चटका बसला! चटका बसल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

झाकण लावलं आणि सुटलो.

वर पोचलो, तेव्हा मावशीचे ओठ पांढरे पडले होते. तिनं मला ओळखलं. लतिकाताईंनी प्रतिविष सलाईनमधून द्यायला सुरुवात केली. दुपार सरली. मग त्यांनी मावशीचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन बाजूला ठेवलं. "फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही," त्या म्हणाल्या. "हे गोठलं तर आपण जिंकलो." थोड्या वेळानं त्यांनी नळी आडवी केली. रक्त जागचं हललं नाही. आजोबा भिंतीला टेकून खालीच बसले आणि लहान मुलासारखे रडले. मीही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या अंगणात आम्ही घाटात ओतलेलं पिण्याचं पाणी काढून टाकलं, कारण त्यातल्या क्षारांनी नळ्या खराब होतात, आणि नळ्या पुन्हा धुतल्या. सगळी मुलं गोळा झाली. वारा पडल्यावर ड्रोननं आणलेलं नवं कूलंट भरलं आणि या वेळी बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालवलं. नळी दाबायची पाळी मुलांनी भांडून घेतली. मग आजोबांनी किल्ली लतिकाताईंच्या हातात ठेवली.

"गाडी इथंच राहू दे. पुढच्या वेळी औषध खालून यायची वाट बघायला नको, तुम्हीच जाऊन आणा. हवा कशी काढायची, ते आता या पोरांना येतं."

"आणि तुम्ही कसे जाणार?"

"चालत! गुडघे कुरकुरतील, कुरकुरू देत."

आम्ही निघालो, तेव्हा मावशी उठून दारापर्यंत आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून, आपल्या पायांनी.