पट्ट्यांचा मासा कुठून आला?

"मूळ मासा बेपत्ता. टाकीत अनोळखी मासा," असं म्हणून टाकीवरच्या नोंद्यानं आपला हिरवा दिवा विझवला आणि लाल लावला.

शर्वाणी शाळेचं दप्तर भरत होती. ती तशीच धावत टाकीपाशी आली. मासा तर जागच्या जागी होता! दगडावरच्या प्रवाळाआडून तो नेहमीसारखा तिच्याकडे टकामका बघत होता.

शर्वाणी तांडेल अकरा वर्षांची. रत्नागिरीच्या बंदराजवळ तिचं घर. समुद्र तापल्यामुळे लक्षद्वीपजवळची प्रवाळबेटं (प्रवाळ म्हणजे एकमेकांना चिकटून राहणारे इवलेसे प्राणी, त्यांच्या कठीण सांगाड्यांवर ही बेटं उभी राहतात) उजाड झाली होती. ती पुन्हा वसवायची, तर मासेही हवेत. म्हणून प्रवाळ केंद्रानं किनाऱ्यावरच्या चाळीस घरांत खाऱ्या पाण्याच्या मोठ्या टाक्या दिल्या होत्या. मुलांनी पिल्लं वाढवायची आणि मोठी झाली की केंद्र ती समुद्रात सोडणार. प्रत्येक टाकीवर एक नोंद्या बसवलेला असे. हे छोटं बोलकं यंत्र रोज माशाकडे बघायचं, त्याला ओळखायचं आणि केंद्राला कळवायचं.

शर्वाणीकडे आलं होतं एम्परर एंजल जातीचं पिल्लू. एम्परर म्हणजे सम्राट. गडद निळं अंग आणि त्यावर पांढरी-निळी वर्तुळं, एकात एक. त्याचं नाव तिनं भोवरा ठेवलं होतं.

संध्याकाळी केंद्राचे कुबल सर आले. त्यांनी टाकीत पाहिलं, मग हातातला पहिल्या दिवसाचा फोटो पाहिला.

"शर्वाणी, रागावणार नाही मी. खरं सांग. पिल्लू मेलं आणि तू दुसरा मासा आणून सोडलास का?"

"नाही सर! हा भोवराच आहे."

"मग वर्तुळं कुठं गेली? याच्या अंगावर तर आडवे पिवळे पट्टे आहेत."

शर्वाणीनं फोटो हातात घेतला. फोटोतला मासा खरोखरच वेगळा होता. रोज बघत असूनही हे आपल्याला कसं दिसलं नाही? की रोज बघत होतो म्हणूनच दिसलं नाही?

"शनिवारी टाकी परत न्यावी लागेल," कुबल सर जाताना म्हणाले. "नियमच आहे."

रात्री जेवताना बाबांनी हळूच विचारलं, "शानू, काही झालं असेल तर मला सांग हं." तेव्हा मात्र तिचे डोळे भरले. बाबांनासुद्धा खात्री नव्हती तर!

दुसऱ्या दिवशी सुमनआत्या आली. ती माशांवर संशोधन करणारी शास्त्रज्ञ. बाबांनीच तिला बोलावून घेतलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू त्याची चित्रं काढतेस ना?"

"दर रविवारी."

"सगळी आण. जमिनीवर ओळीनं मांड."

एकेचाळीस चित्रं दारापासून खिडकीपर्यंत पसरली. आत्या एका टोकाकडून चालू लागली, शर्वाणी तिच्यामागून. पहिल्या चित्रांत नुसती वर्तुळं. सव्विसाव्या चित्रात शेपटीला पिवळट छटा. पुढे वर्तुळं तुटली, मधेमधे फिकट रेघा आल्या. शेवटच्या चित्रात अंगभर पट्टे होते.

"आत्या, हा बदलत गेलाय! एकदम नाही, थोडा थोडा."

"मग नोंद्याला का कळलं नाही? आता तूच शोध." आत्यानं तिच्या हातात पुठ्ठा दिला.

शर्वाणीनं विचार केला. भोवऱ्याचं तोंड अजून जुनंच होतं, गालांवर पांढऱ्या-निळ्या रेघा होत्या. तिनं काचेवर पुठ्ठा असा धरला की माशाचं मागचं अंग झाकलं जाईल.

"एम्परर एंजल, पिल्लू," नोंद्या म्हणाला.

मग मासा वळेपर्यंत थांबून तिनं तोंड झाकलं.

"एम्परर एंजल, प्रौढ."

पुठ्ठा काढला, तेव्हा नोंद्या क्षणभर घुटमळला. "अनोळखी मासा."

शर्वाणी टाळ्या पिटत म्हणाली, "त्याला लहान माहीत आहे, मोठा माहीत आहे. मधला माहीतच नाही!"

"बरोबर. या अवस्थेतल्या माशांचे फोटो त्याला कुणी दाखवलेच नाहीत," आत्या म्हणाली. "आणि त्याला हसू नकोस. पूर्वी माणसांनीही या पिल्लाला वेगळीच जात समजून वेगळं नाव दिलं होतं."

"पण मासा रंग बदलतो तरी कशाला?"

"मोठा एम्परर आपली हद्द राखतो. आपल्यासारखा दिसणारा दुसरा मासा आला की त्याला हुसकावतो. पिल्लू वेगळंच दिसलं, तर त्याच्याकडे तो दुर्लक्ष करतो. म्हणून हा लहानपणीचा वेष असावा, असं शास्त्रज्ञांना वाटतं. 'असावा' म्हणतेय हं. पक्कं करायला अजून पुष्कळ बघावं लागेल."

शनिवारी कुबल सर टाकी न्यायला आले. ते चित्रांच्या ओळीवरून दोनदा चालले. पुठ्ठ्याचा प्रयोग त्यांनी स्वतःच्या हातानं करून पाहिला.

"टाकी राहू दे," ते शेवटी म्हणाले. "मी चुकलो, शर्वाणी. पिल्लू आणि मोठा मासा मी पाहिलेत, मधली अवस्था कधी पाहिलीच नव्हती. आणि इथंच नाही चुकलो. दाभोळच्या नाझनीनची टाकी मी तीन महिन्यांपूर्वी उचलून आणली. तीही हेच सांगत होती."

"तिचा मासा कुठंय?"

"केंद्रात आहे. अनोळखी म्हणून वेगळा ठेवलाय."

पुढच्या रविवारी नाझनीनची टाकी आणि मासा घेऊन केंद्राची गाडी दाभोळला निघाली. शर्वाणी हट्टानं सोबत गेली, मांडीवर चित्रांची गुंडाळी घेऊन. नाझनीन दारातच उभी होती. तिनं कुबल सरांकडे पाहिलंसुद्धा नाही. टाकी जागेवर बसली, पाणी शांत झालं. तिचा मासा आता डोळ्यांवर काळी पट्टी बांधल्यासारखा, पुरा सम्राट दिसत होता.

"माझ्याकडे चित्रं नव्हती," ती हळू आवाजात म्हणाली. "मी नुसतं सांगत होते."

"तू सांगत होतीस ते खरं होतं," कुबल सर म्हणाले. "मी तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं."

नाझनीननं मान हलवली. मग ती शर्वाणीजवळ जमिनीवर बसली आणि दोघी मिळून चित्रं उलगडू लागल्या. सरांनी टाकीवर नवा नोंद्या बसवला. एकेचाळीस चित्रं त्याला आधीच शिकवलेली होती आणि बाकीच्या घरांतल्या मुलांनाही दर आठवड्याला चित्रं पाठवायला सांगितलं होतं. नाझनीनच्या टाकीतल्या दगडावर, कुणी न ठेवलेला, एक तांबूस ठिपका उगवला होता.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"माहीत नाही," नोंद्या म्हणाला. "रोज बघूया."

नाझनीन पेन्सिल आणायला आत पळाली.