खालून आलेलं झिंदाबाद

वणीच्या पुढे, जिथे वेचून आणलेला कापूसही दोन दिवसांत करडा दिसायला लागतो, तिथल्या डोंगरी कोळसा खाणीच्या फाटकाशी इंद्रजीत राठोड गेट मीटिंग घ्यायचा. लाल झेंडा, एक स्टूल आणि स्वतः इंद्रजीत, एवढी युनियन हमखास हजर असे. बाकीचे सभासद युनियनच्या ग्रुपवर अंगठा टाकत. गेटवर मात्र त्यांच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असायचा, आणि खर्रा थुंकून झिंदाबाद म्हणावं इतका वाईट काळ अजून आला नाही, असं त्यांचं मत होतं. चंदाबाईच्या चहाटपरीवरचं कुत्रं तेवढं नियमित यायचं. इंद्रजीत त्याला मनातल्या मनात कार्यकारिणीत धरत असे.

त्या सकाळी मात्र गंमत करायची सोय नव्हती. जुन्या अपघातापासून बंद ठेवलेली दक्षिणेची गॅलरी, म्हणजे आतला बोगदा, आज उघडायची, असा मॅनेजरसाहेबांचा हुकूम होता. काठीने छत ठोकून आवाज ऐकणं हे ज्याचं काम, तो सरदार लखीराम इंद्रजीतला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, छत भद्द वाजून राह्यलं. पोरं आत गेली तं वर येनार नाही."

"साहेबाले सांगितलं?"

"सांगितलं. ते म्हने, तुह्या कानात मळ हाय."

पोरं ठेकेदारीतली. नाही म्हटलं की दुसऱ्या दिवसापासून फाटक बंद. दिवा घ्यायच्या खोलीकडे ती मुकाट्याने निघालीच होती. इंद्रजीत स्टुलावर चढला, मूठ वर केली आणि ओरडला, "इन्किलाब!"

नेहमीप्रमाणे कुणी काही बोललं नाही.

मग त्याच्या पाठीमागून, खाणीच्या उतरत्या तोंडातून, पुष्कळ गळ्यांचा ओलसर आवाज आला. "झिंदाबाद!"

कुत्रं उठून टपरीमागे गेलं.

"इको असन," रोशन नावाचा पोरगा म्हणाला.

"इको आपलंच बोलनं परत करते बे," लखीराम म्हणाला. "हे तं जवाब देऊन राह्यलं."

इंद्रजीत भुताखेतांवर विश्वास न ठेवणारा माणूस. त्याने आधी दिव्यांची खोली पाहिली. सगळे दिवे आपापल्या खुंटीला होते. म्हणजे आत कुणी नव्हतं. खाणीतलं पाणी उपसणारा पंपवालासुद्धा वर बसून चहा पीत होता. मग त्याने पुन्हा स्टुलावर चढून, जरा हळू, म्हणून पाहिलं. "कामगार एकजुटीचा..."

"विजय असो!"

इतक्या शिस्तीत साथ त्याला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. त्याला आधी आनंद झाला. काटा मागाहून आला.

पोरांनी खर्रा थुंकला. आता कुणीच उतरेना. मॅनेजरसाहेब बाहेर आले. "राठोड, भुताच्या नावावर खाण बंद राहत नसते. तुम्ही सुरक्षा समितीवर आहात ना? छत खराब आहे तर जाऊन दाखवा. नाहीतर पाळी उतरेल."

"दाखवतो," इंद्रजीत म्हणाला.

"कायले जाता, भाऊ?" रोशनने त्याची बाही धरली.

"मी नाही गेलो तं तुले जा लागते."

त्याने दिवा डोक्याला लावला. लखीराम काठी घेऊन बरोबर निघाला.

दक्षिणेच्या गॅलरीत धूळ सपाट पडलेली होती. एकही पाऊल नाही. भिंतींतून पाणी झिरपत होतं, पण हवा उबदार होती, नुकतीच सभा उठलेल्या हॉलसारखी. विड्यांचा वासही होता. खाणीत विडी ओढायला सक्त मनाई.

लखीरामने छत ठोकलं.

भद्द.

त्याने काठी खाली घेतली.

छतातून कुणीतरी उलट ठोकलं. घाई नसलेलं, ओळखीचं.

"हे माह्या कामात नाही बसत," लखीराम म्हणाला, आणि दोघे पळाले.

ते वळणावर पोचले तेव्हा मागे सगळी गॅलरी खाली आली. खाणीच्या तोंडातून काळा लोट निघाला आणि त्यातून दोन काळी माणसं खोकत बाहेर आली. मॅनेजरसाहेबांनी लोट पाहिला, फोन काढला, आणि पाळी रद्द केल्याचं तिथल्या तिथे सांगितलं.

आज कुणीच आत जाणार नव्हतं. पोरांनी इंद्रजीतला खांद्यावर उचललं. चंदाबाईने फुकट चहा जाहीर केला. रोशन रडत होता आणि धूळ गेली डोळ्यात, असं प्रत्येकाला सांगत होता. घोषणा द्यायला सगळ्यांचे गळे आसुसले होते. फक्त कुणीतरी सुरुवात करायची होती.

सुरुवात खालून झाली.

"कॉम्रेड इंद्रजीत राठोड..."

आणि आवाज थांबला, साथीची वाट पाहत.

इतकी वर्षं इंद्रजीतने हेच तर शिकवलं होतं. पुढारी थांबला की आपण बोलायचं, विचार करत बसायचं नाही. सगळ्या मुठी एकदम वर गेल्या.

"अमर रहे!"

त्यात सगळ्यांत खणखणीत आवाज खांद्यावरून आला.